सगळ्यांचे वकीलतात्या

बाईमाणूस सल्ल्याला आलं, की हे आधी तिच्याबरोबरच्या गड्याला बाहेर घालवत. "पाव्हणं, जरा लिंबाखाली बसा. तंबाखू खावा. मला बाईंशी बोलायचंय." मग तो दीर असो, भाऊ असो, नाहीतर सासरा. तो कुरकुरत बाहेर गेला, की हे चष्मा पुसत आणि विचारत, "आता सांगा बाई. तुमाला काय पायजे?"

मी यांची बायको. आमचं घर बारामतीत कालव्याच्या अलीकडं. लोक यांना वकीलतात्या म्हणत. आठवडाभर कोर्ट, आणि रविवारी ओसरीवर फुकट सल्ला. एखाद्या रविवारी एस.टी. धरून इंदापूरकडच्या गावांत जात आणि देवळात बसून लोकांना कायदा समजावून सांगत. घरी परत येत ते धुळीनं भरलेले, घसा बसलेला. बोलायचं ते सगळं तिकडंच संपलेलं असे.

त्या बायकांचा मला राग यायचा. बाजारात मेथी विकणारीलासुद्धा हे अहोजाहो करत. मला मात्र "अगं, चहा टाक". तिची गाऱ्हाणी ऐकताना हे अंगावरची माशी हाकलत नसत. मी डाळ संपली म्हणून सांगायला गेले, तर "नंतर बघू". यांचं आणखी एक ठरलेलं होतं. "सही करायच्या आधी भाकरी खावा. उपाशी माणूस कशालाबी व्हय म्हणतं." लोक या बोलण्याची फार वाखाणणी करत. भाकऱ्या थापणारी कोण, ते कुणी विचारत नसे.

निरवांगीची एक सोनाबाई होती. दर रविवारी हजर. जेवता जेवता मला म्हणाली, "वैनी, तात्या म्हंजी देवमाणूस. माझा बाप बी इतकं ऐकून घेत नव्हता."

मी म्हटलं, "कालवण वाढू का?"

तेव्हा नवा कायदा झाला होता. बापाच्या जमिनीत लेकीलाही वाटा मिळणार होता. लगेच भाऊ बहिणींना जेवायला बोलवायला लागले. साडीचोळी करायची आणि हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा घ्यायचा. हे गावोगाव सांगत, "घाई त्यांस्नी हाय, तुमाला न्हाय. घरी जावा, इचार करा." त्यापायी पुष्कळ भाऊ यांच्यावर दात खाऊन होते.

अशात वरकुट्याला माझे वडील वारले. दिवस झाले, आणि माझा धाकटा भाऊ गणपा कागद घेऊन आमच्या दारात आला. हिरवी साडी आणली होती. म्हणाला, "आक्का, तू काय परकी हायस का? चौथी शिकलीस, अंगठा तर न्हाय ना लावायचा? कर सही. दाजींनी सगळ्या तालुक्याला शिकवलं. आता घरातलं बघू."

गणपा वाईट नव्हता. पण सगळी गावं आमच्या दाराकडं बघत होती. मी सही केली असती, तर लोक म्हणाले असते, वकिलाची बायकोच सही करून मोकळी झाली. नाही केली, तर म्हणाले असते, वकिलानं सासऱ्याची जमीन गिळली. मी यांना विचारलं, "काय करू?"

हे म्हणाले, "तुझ्या वडलांची जमीन. मी त्यात पडणार नाही." आणि फाईल उघडली.

निरवांगीच्या बाईला तासभर, आणि मला एवढंच. मी गणपाला म्हटलं, "रविवारी ये."

त्या रविवारी मी डोक्यावरून पदर घेतला आणि ओसरीवर बायकांच्या रांगेत जाऊन बसले. सोनाबाई म्हणाली, "वैनी, हितं का?" मी म्हटलं, "तुजं काम हाय, तसं माजं बी हाय."

माझी पाळी आली. यांनी मान वर केली. मला वाटलं, आता हसतील, नाहीतर आत हाकलतील. यांनी चष्मा काढला आणि पुसला. "बसा बाई. बरोबर कोण आलंय?"

"भाऊ."

"गणपतराव, लिंबाखाली बसा." गणपा गेला. "आता सांगा. तुमाला काय पायजे?"

"मला माहेर बी पायजे आन् जमीन बी."

"दोन्ही मिळंलच असं न्हाय. मी वकील हाय, देव न्हाय." मग त्यांनी सगळं फोड करून सांगितलं. सही केली तर काय राहील, नाही केली तर काय जाईल. गाळलं काही नाही, माझ्या बाजूनं ओढलंही नाही. शेवटी विचारलं, "भाकरी खाल्ली का?"

"सगळ्यांचं झाल्यावर खाती मी."

हे उठले, चुलीपाशी गेले, भाकरी आणि चटणी घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवली. मी खाल्ली. खाताना डोक्यात एकच होतं. घर यांचं, रविवार लोकांचा, माहेर गणपाचं. यात माझं काय?

बाहेर येऊन मी गणपाला म्हटलं, "सही करत न्हाय. वढ्याकडची पट्टी मला दे."

"दाजींनी पढवलं व्हय?"

"आत हायत. जा, इचार."

"मग माहेर तुटलं समज, आक्का."

"समजती," मी म्हटलं. साडी त्यानं परत नेली.

कायद्यापुढं गणपाचं चाललं नाही, पट्टी माझ्या नावावर झाली. भाऊबीज बंद झाली. रानात जाताना गणपाच्या दारावरनं जावं लागे. भावजय अंगणात उभी असे आणि मला पाणी विचारत नसे. मी घरनं कळशी भरून एस.टी.तनं न्यायला लागले. बांधावर पेरू लावले. यांच्यासाठी मी पुन्हा कधी त्या रांगेतली बाई झाले नाही. घरात "अगं"च राहिले.

मग हे गेले. कोर्टातून आले, छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. दारात माणसं मावेनात. सोनाबाई माझ्याआधी रडायला लागली आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं. अस्थी रीतीप्रमाणं नरसिंहपूरच्या संगमात सोडल्या, राख मडक्यात घरी ठेवली. मग मंडळी राख मागायला आली. कोर्टातले म्हणाले, आवारात झाड लावू. निरवांगीचे म्हणाले, देवळापुढं लावू. आणखी दोन गावांची माणसं भांडी घेऊनच आली होती. एक पुढारी मला समजावू लागला, "वैनी, तात्या सगळ्यांचे होते."

"होते," मी म्हटलं. "आता न्हाईत."

कुणाला चिमूटभरही दिली नाही. मडकं मांडीवर घेऊन मी वरकुट्याच्या एस.टी.त बसले. वढ्याकडच्या पट्टीत, पेरूच्या आळ्यांत सगळी राख मिसळली आणि वरून पाणी घातलं. उताऱ्यावर त्या रानाला माझं एकटीचंच नाव आहे.