राखलेलं खोंड
फोन नीट कानाशी धर गं, किती दिवसांनी आठवण झाली आजीची! आज चुलीपाशी केस जळल्याचा वास आला आन् गोठ्यातली ती सकाळ आठवली. जनावरांचे डॉक्टर आमच्या जरशी गोऱ्ह्यांच्या शिंगांचे कोंब डागत होते आन् चिमट्यानं त्यांना खच्ची करत होते. शेजारीच माझं खिलार खोंड बांधलेलं, वळू म्हणून राखलेलं. तवा गावात वळू एकच, माझ्या दिराचा, गाई लावायचे पैसे समदे त्यालाच, आन् डॉक्टरला घेऊन आलेला बी दीरच. "वहिनी, चहा टाका की," तो दुसऱ्यांदा म्हणाला. चिमट्यानं रक्त येत न्हाय. माझ्या पाठीमागं खोंडाला लावला असता, तर मला कळलंच नसतं. "तुमीच टाका भावजी, साखर वरच्या डब्यात हाय," म्हणत मी खोंडाला बिलगून बसले, ती डॉक्टर गेल्यावरच उठले. दीर अजून शपथ घेतो, मनात काय बी नव्हतं म्हणून. नसंल बी. पण त्या खोंडाची वासरं आता दारात उड्या मारतात. लवकर ये बघायला.