अर्धेलीने दिलेला फावडेवाला

माझ्या सख्ख्या बापाने मला फसवलं, आणि माझी बायको त्यात सामील होती. तिसरे आमचे शेजारी, निवृत्त तलाठी भाऊसाहेब. त्यांनी तर त्या फसवणुकीचा रीतसर निवाडाही केला. हे मी रागात लिहीत नाही. राग मागेच एका स्टीलच्या तांब्यावर निघाला, तो चेपला, आता मी शांत आहे.

माझा धंदा गवताचा. शहापूर-मुरबाडकडच्या माळांवरचं गवत उभं असतानाच विकत घ्यायचं, कापून, दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि ट्रक भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं. पोरवयात ह्याच गासड्या मी पाठीवर वाहिल्या. आज वखार माझी आहे. ती कशी झाली? घासाघीस करून. समोरचा माणूस दमेपर्यंत मी बोलतो. (स्वतःच्या लग्नात मी मांडववाल्याशी इतका वेळ भांडलो की मुहूर्त टळायची वेळ आली. सासरे तेव्हापासून मला 'शेठ' म्हणतात. ते कौतुक नाही.)

मला व्यसन कसलंच नाही. आहे तो एक नाद, आणि तो लागला कल्याणला. नव्वदच्या सुमाराला मी गवताच्या ट्रकबरोबर हमाल म्हणून जायचो. माल उतरला की ड्रायव्हर जेवायला जाई आणि मी एका बोळातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरे. तिथे मला फावडेवाला भेटला. हा एक बुटका माणूस. हातात फावडं. तो शेत खणतो, मातीतून सोनं निघतं, सोनं साठलं की एक जीव जास्त मिळतो. खालून किडे येतात, ते चावले की एक जीव जातो. एक शेत संपलं की दुसरं, आणि सगळ्यात शेवटच्या शेतापलीकडे राजवाडा. त्याचा दरवाजा मी दुसऱ्यांच्या खांद्यावरून लांबून पाहिला होता. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हाच ठरवलं, एकदा आत जायचं.

तेव्हा पैसे नव्हते. पुढे पैसे आले, घरी रंगीत टीव्ही आला, त्याला जोडायचं गेमचं मशीन आलं (दुकानदार शेवटी म्हणाला, "घेऊन जा, पण परत येऊ नका"), फावडेवाल्याची कॅसेटही मिळाली. फक्त वेळ गेला तो गेलाच.

तुम्हाला वाटेल, खेळायला वेळ कसला लागतो? लागतो. फावडेवाल्याचं मशीन लक्षात काही ठेवत नाही. बंद केलं की पुन्हा पहिलं शेत. सकाळी चहाच्या आधी बसावं, तर मजूर दारात. दुपारी जेवून बसावं, तर ट्रकवाल्याचा फोन. मग मी घाईने खेळू लागलो. कंत्राट घेतल्यासारखा. घामाघूम होऊन शेतं उरकायची आणि नेमका किडा चावला की रिमोट आपटायचा. (त्या दांडक्याला आम्ही रिमोटच म्हणायचो.)

"अवो, हा खेळ हाय ना?" मंदा, म्हणजे माझी बायको, एकदा म्हणाली. "मंग तोंड असं का केलंय? पायात काटा गेल्यागत?"

"मजा घेतोय."

"मजा घेताय तर शेजारी भांडण समजून का आलेत?"

मशीन बंदच करायचं नाही, हा त्यावरचा माझा तोडगा. खेळ मधेच थांबवायचा, टीव्हीचं चॅनेल बदलायचं, मशीन आपलं चालूच. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग असं की वीज पाहुणीसारखी यायची. म्हणून मी ट्रकची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला. घरच्यांना सांगितलं, पंख्यासाठी आहे. पंखा जोडलेला नव्हता. उन्हाळ्यात माझे बा हातात सूप घेऊन वारा घालत बसत आणि त्यांच्या समोर मशीनचा लाल दिवा ऐटीत जळे. मशीन कोमट राहायचं, म्हणून मांजरीने त्यावर बिऱ्हाड केलं. तिला मी उठवत नसे. उठताना पाय बटणावर पडला असता तर?

दसरा झाला, गवत पिवळं पडलं आणि मला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. खेळ मध्येच कुठेतरी अडकलेला. तेव्हा मला युक्ती सुचली. आमच्याकडे ज्याला शेत करायला वेळ नाही तो काय करतो? अर्धेलीने देतो. जमीन आपली, राबणार दुसरा, पीक निम्मं-निम्मं. मी फावडेवाला अर्धेलीने द्यायचं ठरवलं. घरात मोकळं माणूस एकच.

"बा," मी म्हणालो, "तुमी नुसतेच बसून असता. मधली शेतं तुमी खणा. शेवटचं शेत आणि राजवाडा माझा."

बांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तंबाखू चोळली.

"वाटणी काय?"

"वाटणी कसली? खेळ हाय तो."

"अर्धेली म्हणतोस आन् वाटणी नाय म्हणतोस?"

"बरं. जे जीव जमतील ते निम्मे तुमचे."

"तंबाखू मालकाकडं. दुपारचा चहा मालकाकडं. आन् ती खुर्ची."

"खुर्ची नाय. खुर्ची माझी."

"मंग खण तूच."

अर्ध्या तासाने मी त्यांना चहावरून उतरवलं. तंबाखू आणि खुर्चीवर सौदा पटला. (खुर्ची गेली ह्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. चहा वाचवल्याच्या आनंदात होतो.) भाऊसाहेब पेपर वाचायला आले होते, त्यांच्या देखत बांच्या हातात सुपारी ठेवली. पक्कं झालं.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या क्षणी मला आठवायला हवी होती. बा तरुणपणी शेणवे गावच्या एका जमीनदाराचं शेत कसायचे. कूळ कायदा आला आणि ते शेत कायद्याने बांच्या नावावर झालं. केस बरीच वर्षं चालली. तो कायदा बांना देवाच्या आरतीसारखा पाठ आहे. अशा माणसाला मी, साक्षीदार समोर ठेवून, कूळ लावून घेतलं.

बा खेळायचे कसे? भात लावल्यासारखे. घाई नाही. पुढच्या शेताचा रस्ता उघडला तरी पुढे जायचे नाहीत.

"बा, चला ना पुढं. दार उघडलंय."

"कोपऱ्यात माती रायली."

"त्या मातीत काय नाय."

"नसू दे. शेत अर्धवट टाकून माणूस पुढं जातो का?"

आणि त्या कोपऱ्यातल्या मातीत सोनं निघायचं. मी एवढी वर्षं धावत पुढे गेलो होतो, मला ते कधी दिसलंच नव्हतं. जीव वाढू लागले. बांनी किड्यांना नावं दिली. लाल किडा तो जुना जमीनदार, हिरवा त्याचा दिवाणजी. जमीनदार मातीत गाडला गेला की बा मांडीवर थाप मारत आणि भाऊसाहेब पेपरच्या आडून म्हणत, "नोंद घेतली." मंदा तांदूळ निवडता निवडता सांगे, "मागनं आला बा, मागनं." घरात नुसता मेळा. आणि मी, मालक, दिवसभर उन्हात गवत तोलत होतो.

घरी आलो की विचारायचो, "कुठवर आलं?"

"चाललंय."

अर्धेलीवाल्याकडून मालकाला कधीच नीट हिशोब मिळत नाही, हे मला बांमुळे लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हा आम्ही दुसऱ्या बाजूला होतो, एवढंच.

एक दिवस मी मुरबाडला एका माळाच्या मालकाच्या ओटीवर बसलो होतो. मोठा माळ, गवत कमरेएवढं. भावात तो वर, मी खाली, मधे चहाचे कप. अशा सौद्यात एक वेळ येते तेव्हा उठायचं, चप्पल घालायची आणि निघाल्यासारखं करायचं. समोरचा हाक मारतो, आपण वळतो. ती वेळ अजून आली नव्हती. तेवढ्यात मंदाचा फोन.

"बा शेवटच्या शेतात गेले. तुमीच म्हनला होता ना कळव म्हणून."

मी उठलो. चप्पल घातली.

"अरे, बस रे शेठ," मालक म्हणाला. "थोडं कमी करू."

मी अंगण ओलांडलं.

"बरं, तू म्हणशील तसं!"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला असं म्हणालं होतं, आणि मी थांबू शकत नव्हतो. मोटरसायकलला किक मारली. तो बिचारा मागे धावत भाव उतरवत होता. वेशीपर्यंत तो ज्या भावावर आला, त्या भावावर मी त्याला सबंध दिवस बोलूनही आणलं नसतं. किन्हवलीच्या रस्त्याने खड्डे न बघता शहापूर गाठलं.

घरी बा खुर्चीत. खेळ थांबवलेला. शेजारी भाऊसाहेब, पेपर घडी करून ठेवलेला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"द्या रिमोट," मी म्हणालो.

"का म्हणून?"

"शेवटचं शेत माझं ठरलं होतं."

"ठरलं होतं खरं. पण खणलं कुणी? मी. ताबा कुणाचा? माझा. कसेल त्याची जमीन. विचार भाऊसाहेबांना."

"बा, ही जमीन नाय, टीव्ही हाय."

"मंग अर्धेलीनं का दिलास?"

मी भाऊसाहेबांकडे वळलो. त्यांनी चष्मा लावला. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे असं कुणी वळलं नव्हतं.

"कुळाचा कब्जा सिद्ध आहे," ते म्हणाले. "सुपारी माझ्यासमोर दिली. मात्र मालकाला जमीन स्वतः कसायची असेल तर तो ती परत मागू शकतो. अट एवढीच, तो खरोखर स्वतः कसतो हे त्याने दाखवलं पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे बसा आणि खणा."

बांनी रिमोट दिला. लगेच दिला. तिथेच मला संशय यायला हवा होता. खुर्ची मात्र दिली नाही, मी जमिनीवर बसलो. बांनी जमवलेले भरपूर जीव होते. निम्मे माझे, निम्मे त्यांचे, असं भाऊसाहेबांनी पुन्हा एकदा बजावलं.

पहिला जीव मी दारातच घालवला. दुसरा जमीनदाराने खाल्ला.

"कोपरा आधी घे," बा म्हणाले.

"गप बसा."

"अवो, मागनं आला," मंदा म्हणाली.

"तूपण गप बस."

माझ्या वाटणीचे जीव संपले. मी रिमोट सोडला नाही.

"आता माझे चाललेत हां," बा म्हणाले.

"बा, बापाचं तेच लेकाचं."

"असं भाऊसाहेब म्हनले नाय."

आणि खरंच, मी जवळ आलो. राजवाड्याची पायरी दिसली. दरवाजाचे खिळे दिसले. शेवटचा एक जीव उरला होता आणि मधे एक हातभर माती. तेवढ्यात कमरेचा मोबाइल वाजला. मुरबाडचा माळमालक.

शहाण्या माणसाने फोन उचलला नसता. पण मी व्यापारी आहे. वाजणारा फोन मला सोडवत नाही. खांद्यात मोबाइल धरला. तो म्हणाला, "शेठ, अजून खाली येतो, पण आज सांगा." मी म्हणालो, "थांब, थांब," आणि ते सांगताना माझा अंगठा थांबला. जमीनदाराने मागून येऊन फावडेवाल्याला गिळलं. खेळ संपला. पडद्यावर पुन्हा पहिलं शेत, गवतासकट.

मी मोबाइलवर त्या माणसाला जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. त्याने माळ दुसऱ्याला दिला. तांब्या चेपला तो ह्याच वेळी.

पुढच्या पावसाळ्यात मशीनला ओल धरली आणि ते बंद पडलं. ती कॅसेट मी पुन्हा कुठेही पाहिली नाही. मी मनाची समजूत घातली: राजवाडा मला दिसला नाही, पण कुणालाच दिसला नाही. हे समाधान मला बरीच वर्षं पुरलं. गेल्या महिन्यात जेवताना मी ते मोठ्याने बोलून दाखवलं.

"एवढं काय नव्हतं त्याच्यात," मंदा भाजी वाढत म्हणाली. "उगा जीव जाळता."

माझा घास हातात राहिला. "तुला काय ठाऊक?"

तिने जीभ चावली. बांनी ताटात मान घातली.

मग हळूहळू बाहेर आलं. बा राजवाड्यात त्याआधीच जाऊन आले होते. दुपारी, चहा पीत (चहा मंदा चोरून देत होती). राजवाडा झाला की खेळ आपोआप पहिल्या शेतावर येतो आणि जमलेले जीव तसेच राहतात. मला बोलावलं ती त्यांची दुसरी खेप होती. "म्हटलं, तुझं तू एकदा बघ," बा म्हणाले. "मी रिमोट दिला की नाय लगेच?" भाऊसाहेबांनीही पाहिला होता. मंदाने तर तांदळाचं सूप खाली ठेवून पाहिला होता.

"मंग काय होतं आत?" मी विचारलं.

बा म्हणाले, "बघण्यासारखं होतं." भाऊसाहेबांना शेजारून हाक मारून विचारलं, ते म्हणाले, "प्रकरण निकाली निघालं आहे." मंदा म्हणाली, "सांगते. पण आधी पंखा जोडा, मंग माहेरी सोडा, मंग बघू." मी तिला म्हणालो, नुसता पंखा. ती उठली आणि चप्पल घालून शेजारी निघून गेली.

मी हाका मारल्या, ती वळली नाही. आज पंखा फिरतोय, ती माहेरी जाऊन आली, आता नवी साडी मधे आली आहे, आणि दर हाकेला भाव मीच चढवतो आहे. टीव्ही माझा होता, मशीन माझं होतं, बॅटरी माझी होती. तेव्हा ह्या तिघांपैकी कुणीतरी एकाने, कोण ते आपसात ठरवावं, पण मला उत्तर दिलंच पाहिजे: त्या राजवाड्यात होतं तरी काय?