बुटकुल्यांच्या रीती

अंजूरच्या सावळारामची भातशेती गोदामांखाली गेली आणि तो रिक्षा चालवू लागला. बायको वारल्यावर लहानग्या रुचिकाला झोपवायला त्याने बुटकुले रचले. खाडीकडच्या बांधाच्या पोटात राहणारी ही वीतभर उंचीची माणसं. घर सोडणं त्यांच्या जिवावर येतं. आपल्या चुलीचा धूर दिसेनासा होईल इतकं लांब कुणी जात नाही. गेलाच, तर तो परतेपर्यंत त्याचं पान रोज वाढतात.

रुचिका मोठी झाली, जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात पॅकिंगला लागली. पावसाळा सरता सरता एका दुपारी त्या गोदामाचा माळा खाली आला.

सावळाराम पोचला तेव्हा बचाव पथकाचे जवान जॅक लावत होते. ढिगाऱ्यात हाताएवढी फट दिसली. तिथे पालथा पडून तो ओरडला, "रुचे!"

"बाबा, पाय अडकलाय. निशा पण हाय शेजारी. कायच दिसत न्हाय. लय झोप येते."

"झोपू नको बाय. मी हतंच हाय."

मागून जवान म्हणाला, "जगाके रखो, चाचा. बात करते रहो."

तोंडातून बुटकुलेच आले. पाहुणा आला की ते आधी पाय धुवायला ऊन पाणी देतात, नाव मागाहून विचारतात. पोर जन्मलं की भिंतीत त्याचा कोनाडा खणतात.

"काका," दुसरा, बारीक आवाज आला. "त्यांच्यात भाडेकरू असतात?" निशा आईसोबत भिवंडीत भाड्याच्या खोलीत राहायची.

"न्हाय गो. ज्याला घर न्हाय त्याला सगली मिलून खणून देतात."

दोघी हसल्या. मग खोकल्या. धुळीने त्यांचं बोलणं तुटत गेलं, तेव्हा त्याने तिथल्या तिथे आणखी एक रीत रचली. "बांध फुटून घरात माती आली, की बुटकुले वरडत न्हाईत. दम राखतात, भिंतीवर टकटक करतात. करा पोरींनो."

लोखंडावर टकटक झाली. पाठोपाठ दुसरी. तो थोडं सांगायचा, थांबायचा, दोन्ही ऐकून पुढे जायचा. घसा बसला. निशाची आई कमळाबाई येऊन त्याच्याशेजारी मातीत बसली.

मग एकदा एकच टकटक आली. त्याने पुन्हा टकटक करायला सांगितलं. पुन्हा एकच.

"कोणाची?" कमळाबाईने विचारलं.

त्याला कळत नव्हतं. लेकीला हाक मारायला तोंड उघडलं, पण नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही तर? आणि आलं तर शेजारच्या बाईचं काय? जी कुणी आत जागी होती तिला तो सांगत राहिला, बुटकुल्यांचे सण, लग्नं, भांडणं. मनात एकच चाललं होतं, माझी असू दे.

ऊन कलताना स्लॅब उचलला. रुचिका जिवंत होती. त्याला सुटल्यासारखं रडू आलं, आणि मागे कमळाबाईचा हंबरडा ऐकून त्याने तोंडावर हात दाबला.

रुचिकाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दिवाळीनंतर कमळाबाई अंजूरला आली, ओटीवर बसली.

"भाऊ, माझ्या पोरीने शेवटी काय ऐकलं, ते मला पण ऐकायचंय."

सावळारामने खूप प्रयत्न केला. पहिल्या रीतीवरच तो अडला. आतून कुबड्या वाजल्या. रुचिका बाहेर आली, कमळाबाईला खेटून बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. सावळाराम उठून अंगणात गेला, रिक्षाला टेकून पाठमोरा उभा राहिला.