तीन अक्षरांची जागा

गंगापूरकडच्या चार-दोन गावांत बारसं निघालं की पहिलं आवतण भागूबाईला जायचं, पाहुण्यारावळ्यांचं मागाहून. भागूबाईचा गळा काही फार गोड नव्हता. खरं सांगायचं तर थोडा घोगराच होता. पण तिचा पाळणा एकदा ऐकलेली बाई तिच्यासमोर दुसरा पाळणा म्हणायला धजत नसे.

असं होतं तरी काय त्या चालीत? तान नाही, हरकत नाही, चारचौघींवर छाप पाडायची हौस नाही. ओळ सावकाश वर चढायची, चढून थांबायची, तिथं बाळाचं नाव यायचं आणि मग झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवताना आई मानेखाली हात धरून वाकते, तशी ती खाली उतरायची. त्यातला एक सूर काढावा म्हटलं तर निघत नसे, एक घालावा म्हटलं तर मावत नसे. आणि नाव मिळेपर्यंत ती ओळ मधेच लटकलेली राहायची. लेकरू आलं तरच ती पुरी व्हायची. म्हणून भागूबाई ती चाल उगाच कधी गुणगुणत नसे.

खोट एकच. नावाची जागा बरोबर तीन अक्षरांची होती. भागूबाईनं त्यावर उपायही काढला होता. बद्रीनाथचा तिनं बदरी केला, राजकुमारचा राजबा, दगडाबाईची नुसती दगडा. नावं कापताना तिचा हात जराही अडखळत नसे आणि कुणाच्या आईबापांनी कधी तक्रारही केली नव्हती.

तक्रार आली ती घरातूनच. नातू इंद्रजीत वाळूजला कंपनीत लागला, क्रांती चौकाच्या मागं फ्लॅट घेतला आणि म्हाताऱ्या आजीला शहरात घेऊन आला. त्याच्या बायकोला, मोनिकाला, मुलगी झाली. नाव ठरलं मनस्विनी.

भागूबाईनं ते तोंडात घोळवून पाहिलं. एक अक्षर जास्त होत होतं.

"पोरी, पाळण्यात मनसा म्हणू का गं? बेस बसतंय."

"नको, आजी," मोनिका म्हणाली. "पूर्ण नाव घ्या. ती पोटात होती तेव्हापासून मी तिच्याशी याच नावानं बोलतेय."

इंद्रजीतनं मधे तोंड घातलं.

"मग चालच जरा लांबव ना, आजी. एका अक्षराचा तर सवाल आहे."

"नाय जमायचं," म्हातारी एवढंच म्हणाली आणि उठून बाल्कनीत गेली. इंद्रजीतला वाटलं, वयानं हट्टी झाली.

हट्ट नव्हता तो. ही चाल भागूबाईनं लग्नानंतर पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा बांधली होती, कापूस वेचता वेचता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. मुलगी झाली तर यमुना, हे तिनं मनाशी ठरवलं होतं आणि ओळीतली ती जागा त्या नावाच्या मापानं बेतली होती. मुलगीच झाली. पण बारशाच्या आधीच गेली. नाव ठेवलं गेलं नाही, म्हणून ते कुणाला कळलंही नाही. घरात तिचा विषय निघालाच तर 'ते पहिलं' म्हणत. पुढं मुलगा झाला, तेव्हा त्याला दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नाव कडूबा ठेवलं. कडू वस्तू कोण उचलून नेणार! त्याच्या बारशाला भागूबाईनं तो पाळणा पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला. तेव्हापासून गावची पोरं एकामागून एक त्या जागेत येऊन निजत होती. जागा मात्र यमुनेची होती, आणि ती रुंद केली की यमुनेचं या जगात काही उरणार नव्हतं. हे नातवाला कसं सांगावं?

बारशाला कडूबा गावाहून आला. साठी उलटली तरी आईसमोर लेकरूच. त्यानं आपल्या परीनं तोड काढली.

"माय, पाळण्यातलं नाव तू ठेव की. कागदावर ऱ्हाऊ दे मनस्विनी. तुझ्या मनात एखादं असंलच."

"नाय रे बाबा," भागूबाई घाईनं म्हणाली. गेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकराला द्यायची तिची छाती नव्हती.

फ्लॅटमध्ये बायकांची दाटी झाली. इंद्रजीतची बहीण मंजुषा आत्या म्हणून पुढं झाली, तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे पाठीत धपाटे खाऊन घेतले. मग सगळ्यांचे डोळे भागूबाईकडं वळले. तिनं पाळण्याची दोरी धरली. मोनिकाकडं एकदा पाहिलं. पोरगी आस लावून बसली होती.

ओळ वर चढली. चढून थांबली. भागूबाईनं मनस्विनीसाठी तोंड उघडलं आणि ती क्षणभर अडखळली. पण चाल थांबायला तयार नव्हती. चालीनंच आपलं मूळचं नाव घेतलं.

"यमुना."

मागून म्हणणाऱ्या बायकांना काय ठाऊक? पाळण्यातलं नाव वेगळं असतंच. त्यांनी ओळ उचलली आणि खोलीभर बायका खड्या आवाजात यमुनेला निजवू लागल्या. जिचं नाव तिच्या आईनंही कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं, तिचं बारसं होत होतं. भागूबाईला जी भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला फार बरं वाटलं.

तिचं झालं, आता हिचं, असं म्हणून तिनं दुसरं कडवं धरलं. या वेळी नावाच्या जागी ती घाई न करता थांबली आणि मनस्विनी सबंध म्हणाली, चारही अक्षरं. ओळ जराशी रुंद झाली आणि तितक्याच हळू खाली उतरली.

पाळणा संपल्यावर मोनिका जवळ येऊन बसली. रागावली नव्हती.

"आजी, यमुना कोण?"

कडूबा घुगऱ्यांचं ताट घेऊन तिथंच उभा होता. भागूबाईनं त्याच्याकडं पाहिलं.

"ह्याची थोरली बहीण."

कडूबानं ताट आईसमोर टेकवलं.

"यमुनाअक्का," तो म्हणाला, आणि त्यानं आईच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या.