ओलं अंगण, कोरडी घोंगडी

झरीच्या बिरदेवला देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. बकरू विकायचं असो का घरावरचे पत्रे बदलायचे असोत, गडी म्हणणार, "थांबा, प्रार्थना करून सांगतो." जेवायला बसताना तेवढं विचारत नाही, तिथं देवाचा होकार त्यानं धरूनच ठेवलेला. त्याचा बाप बिरोबाला कौल लावायचा. पोरगा ख्रिस्ती झाला, पण कौलाची खोड काही गेली नाही.

तर यंदा त्याच्या शीलाचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. पोरगी हरखली. बिरदेवला मात्र ते काही रुचलं नाही. एकुलती एक लेक. ती गेली की घरात तो, बायको दैवशाला आणि मेंढरं. त्यात दैवशाला बोलायची ती मेंढरांशीच! पण 'मला करमणार नाही' असं बाप्या माणसानं म्हणायचं कसं? त्यानं ते देवावर ढकललं.

"देव काय म्हणतो ते पाहू."

"आबा, मी बी प्रार्थना केलीय," शीला म्हणाली. "मला तर जा म्हणायलाय."

"तुला काय कळतंय? खूण पाहिजे, खूण!"

शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका भित्र्या माणसाची गोष्ट आहे. त्यानं रात्री उघड्यावर लोकर ठेवून देवाकडं दवाची खूण मागितली. एकदा लोकर ओली नि भुई कोरडी. दुसऱ्यांदा उलटं, भुई ओली नि लोकर कोरडी. मेंढरंवाल्याला ही गोष्ट गोड लागणारच. बिरदेवनं आपली काळी घोंगडी अंगणात अंथरली, पण दोन खुणांतली दुसरी तेवढी मागितली. भुई ओली नि घोंगडी कोरडी निघाली, तर पोरगी घरी राहील.

आता त्याच्या घरची गंमत अशी, की ख्रिस्ती झाल्यावर दारातली रांगोळी सुटली, सडा सुटला नाही. रोज तांबडं फुटताना शीला अंगणभर पाणी शिंपडते. आणि घोंगडी म्हणाल, तर भर पावसात मेंढरांमागं हिंडणाऱ्याला कोरडी ठेवणारी. देवाला बोलायला बिरदेवनं जागा तरी कुठं ठेवली होती?

सकाळी बाजेवर पडल्यापडल्या त्याला पाण्याचा सपसप आवाज आला. उठावं, पोरीला थांबवावं, असं मनात आलंही. त्यानं गोधडी डोक्यावर ओढून घेतली.

रविवारी पास्टर रंगनाथच्या पत्र्याच्या शेडात उपासना झाली, तेव्हा तो साक्ष द्यायला उभा राहिला. "भुई ओलीचिंब, घोंगडी ठणठणीत कोरडी! देवानं सांगितलं, शीलेला पाठवू नको."

सगळे म्हणाले, "आमेन." शीला मान खाली घालून चटईच्या काड्या उपटत राहिली.

तेवढ्यात म्हातारी दगडाबाई ओरडली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती सगळंच ओरडून बोलते. "आरं बिरदेवा, सडा पडायच्या आधी पाह्यलंस का मागून?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मीच टाकला सडा, आज्जे," शीला हळूच म्हणाली. "आबाची घोंगडी भिजू न्हाई म्हणून कडंकडंनं टाकला." मग बापाकडं वळून, "मला ठाऊक नव्हतं, आबा. तुमी झोपेत असताल, तुमाला बी कळलं नसंल."

पोरगी त्याला वाचवायला बघत होती! बिरदेवचे कान तापले. हसणाऱ्यांनी पोट धरून हसावं, पण हिनं असं बोलू नये. नुसतं "व्हय" म्हटला असता तरी सुटला असता.

"जागा व्हतो," तो म्हणाला. आवाज करडासारखा बारीक झाला. "सडा ऐकू आला मला. पडून ऱ्हायलो. जाऊ नको असं मीच म्हणायलो व्हतो. देवाचं नुसतं नाव लावलं."

आता कुणी आमेन म्हणालं नाही. पास्टरनं गाणं धरलं.

शीला नांदेडला निघाली त्या दिवशी तिची ट्रंक त्यानंच उचलली, मान खाली घालून.

"आबा, घोंगडी द्या की. हॉस्टेलात गार लागंल."

घोंगडी त्यानं कडब्याच्या गंजीमागं कोंबली होती, डोळ्यांसमोर नको म्हणून. "ती नको, पोरी. नवी घेऊ."

"मला तीच पाहिजे."

त्यानं ती काढली, झटकली, घडी घातली आणि दुसरीकडंच बघत पुढं केली.

"द्यायची का न्हाई, देवाला इचारलं का?" शीला म्हणाली.

दैवशालासुद्धा हसली. बिरदेवनं ट्रंक डोक्यावर घेतली आणि दोघींच्या पुढं चालू लागला, तोंड दिसू नये म्हणून.