तेल खालून भरायचं

पुस्तक कसं वाचावं हे आमच्या थोरल्या साडूंइतकं अख्ख्या झाडीपट्टीत कुणाला कळत नाही, आणि त्यांनी आयुष्यात एकही पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेलं नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर वैनगंगेच्या काठी, शिक्षण आठवी, जन्मभर राईस मिलमध्ये फिटर. मी चंद्रपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, तरी पुस्तकाचा विषय निघाला की त्यांच्यापुढे मी तोंड उघडत नाही.

साडूंचा नियम एकच. "जे आपल्याले पक्कं मालूम हाय, तेच पान पयले उघडाचं. तिथी खोटं बोललं, तं बाकीचं वाचाचंच नाई." हा नियम त्यांनी पुस्तकांपुरता ठेवला असता तर बरं होतं, पण ते माणसंही तशीच उघडतात. बाजारात नवा भाजीवाला दिसला की स्वतःच्या वाडीतलं वांगं खिशातून काढून त्याला विचारतात, "हे कधीचं तोडलं असन?" मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सगळे माझ्या नोकरीची चौकशी करत होते आणि साडू एकदम म्हणाले, "तुमच्या चांद्याच्या परकोटाले दरवाजे किती न् खिडक्या किती?" चांदा म्हणजे आमचं चंद्रपूर. मी म्हणालो, "दरवाजे चार. खिडक्या कधी मोजल्या नाहीत." साडू सासऱ्यांकडे वळले. "पोरगा चालते. मालूम नाई तं नाई म्हनते." माझं लग्न ह्या एका शिफारशीवर झालं, असं बायको अजून ऐकवते.

मिलमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगाराच्या लिलावातून नावेच्या मागे टांगायचं एक जुनं इंजिन आणलं आणि वर्षभर त्याच्याशी झटापट करून ते चालू केलं. थंडीत ते त्याला घोंगडी पांघरत. "मले ताप आला तं गोळी देते, इंजिनाले घोंगडी देते," असं ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण गंमत बाजूला ठेवली तर त्या इंजिनावर एक गाव अवलंबून होतं. पलीकडचं गाव पावसाळ्यात नदी आणि नाला यांच्यामध्ये सापडतं. पाणी चढलं की वल्ह्यांनी नाव पार होत नाही. नर्सबाई लशींचा डबा मांडीवर घेऊन दर आठवड्याला साडूंच्या नावेतून जायच्या, आणि तो डबा पलीकडे पोचवणं हे साडूंनी आपलं व्रतच करून टाकलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. इंजिन अंगणात लाकडी घोडीवर टांगलेलं. साडू बाजाराला गेले होते. बायकोला रुबाब दाखवावा म्हणून मी दोरी ओढली. इंजिन लगेच सुरू झालं, मी मिशीवरून हात फिरवला आणि चांगली पाच मिनिटं चालवलं. रबर जळाल्याचा वास आला तेव्हा घाईने बंद केलं. कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी साडू नर्सबाईंना घेऊन निघाले आणि इंजिन मधोमध तापून बंद पडलं. नशीब, नदीला पूर नव्हता. बांबू टेकवत टेकवत ते परत आले, इंजिन खोललं, आणि त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातली रबरी चकती जळून कोळसा झालेली निघाली. हा पंप नदीचंच पाणी ओढतो; पाण्याबाहेर इंजिन चालवलं की चकती कोरडी घासून जळते. साडूंनी ती चकती पाहिली, मग मला पाहिलं. मी ताईंच्या तुळशीकडे पाहू लागलो. "पुस्तक पायजे," एवढंच ते म्हणाले. पंप त्यांनी त्याआधी कधी उघडलेला नव्हता, तो परत कसा जोडायचा ते ठाऊक नव्हतं, आणि पाऊस पंधरा दिवसांवर आला होता.

मी अपराधी मनाने नागपूर-चंद्रपूर पालथं घातलं आणि तीन पुस्तकं आणली. साडू ओटीवर बसले, मी वाचून अर्थ सांगायचा. त्यांना पक्की ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे गिअरचं तेल. ते खालच्या भोकातून दाबत भरायचं आणि वरच्या भोकातून बाहेर आलं की थांबायचं. वरून ओतलं तर आत हवा अडकते. पहिलं पुस्तक गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं. त्यात तेल वरून ओतायला सांगितलं होतं. "ठेवा बाजूले. हा मानूस घरी बसून लिवते." दुसऱ्यात तेल बरोबर होतं, पण हे पुस्तक सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या इंजिनांना चालतं असा दावा होता. साडूंनी आपल्या इंजिनावरच्या पट्टीचा नंबर त्यात शोधायला लावला. सापडला नाही. "ज्याची सोयरीक साऱ्यायशी, त्याची कोनाशीच नाई." तिसऱ्याला पुठ्ठा नव्हता, पण नंबर होता आणि तेल खालून होतं. पंपाच्या पानावर कुण्या अनोळखी मेकॅनिकच्या काळ्या अंगठ्यांचे ठसे होते आणि पेन्सिलीने लिहिलेलं: 'इथे सांभाळून'. साडूंनी त्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला. "हे घ्या. ह्याचे हात काळे झाले हायेत."

नवी चकती बसली. पाऊस आला, नदी चढली, आणि इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक धार उडाली. पंप चालतो आहे, याची ती खूण. नर्सबाई त्या दिवशी पलीकडे पोचल्या. मी मात्र गप्पच राहिलो, त्या दिवशी आणि पुढे अकरा वर्षं.

यंदा साडूंचे डोळे पार अधू झाले. इंजिन पलीकडच्या मच्छीमारांना द्यायचं ठरलं, सोबत साडूंनी स्वतः लिहिलेली वही. ती माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "तपासून द्या साडभाऊ. एक बी पान खोटं असन तं लोकं मधात फसतीन." मी त्यांच्याच पद्धतीने सुरुवात केली. तेल खालून. बरोबर. मग मला पक्कं ठाऊक असलेलं दुसरं पान उघडलं, पंपाचं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मी इंजिन आंगनात कोरडं चालवलो. रबर जळला. माही चूक. कोनी असं करू नोका.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लाजही वाटली. त्यांच्या नियमाने ही अख्खी वही बाद होती. मी पेन घेतलं, 'मी' खोडून 'माझ्या धाकट्या साडूने' लिहिलं, 'माही चूक'च्या जागी 'त्याची चूक' केलं, आणि त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. साडूंनी त्या पानावर अंगठा ठेवून पाहिला. मग म्हणाले, "आता द्या वही त्यायले." त्यांनी ते खोटं मला झाकण्यासाठी लिहिलं होतं की मला तपासण्यासाठी, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मच्छीमार नाव घेऊन गेले. आम्ही दोघं काठावर उभे होतो. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि साडूंनी माझा दंड धरला.

"धार निघून राह्यली का?"

"निघते आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि घराकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला असं काही विचारलं होतं, जे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं.