चवळीची पहिली मूठ

चांगुणामावशी गेल्याचा निरोप त्यांची सून यमुना घेऊन आली, तेव्हा मी चुलीतली राख डब्यात भरत होते. पौष लागला की आमच्या चाळीतल्या बायका मावशींच्या वाफ्यांसाठी राख साठवतात. यमुना दारातूनच म्हणाली, "बाई, आत्याबाई गेल्या. पहाटं." मला रडू आलं नाही, भीती वाटली. कारण एक गोष्ट आता माझ्या एकटीजवळ उरली होती... त्याला महिना होऊन गेला.

लग्न होऊन मी लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत आले, तेव्हा पवनेचं धरण अजून व्हायचं होतं. वळवणच्या पलीकडे ओढ्याकाठी मावशींचा भाजीचा मळा होता. नवरा गेलेला, मुलगा लहान, एकटीनं वाफे निघायचे नाहीत. मग चाळीतली नऊ घरं माघात दोन दिवस तिकडे राबायची. कुणी राख न्यायचं, कुणी शेणखत ओढायचं, कुणी काकडीची आळी करायचं. बदल्यात चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत दर गुरुवारी प्रत्येक घरी एक टोपली यायची. गारपिटीनं काकडी गेली तर टोपलीत चार भेंड्याच असायच्या, आणि त्यावरून कुणी नाक मुरडायचं नाही.

मी जन्माची भित्री. घाट चढताना गाडीला मागूनही इंजिन लावतात हे कळल्यापासून खंडाळा येईपर्यंत मी डोळे मिटून बसते. मावशी हसायच्या, "बाई, तुमी सावलीलाबी इचारून पाय टाकता!"

एक रीत मावशी कधी मोडत नसत. पेरून उरलेलं भिजवलेलं बी घरी परत न्यायचं नाही. तिथेच बांधावर तीन दगडांची चूल मांडून चवळीच्या घुगऱ्या शिजवायच्या. पहिली मूठ मातीला, दुसरी मावशींनी खायची, मग पोरांना.

एका वर्षी मी पुण्याहून 'सुधारित' चवळीचं बी आणलं. शब्दच तेव्हा नवा होता. दुकानदार म्हणाला, "किडीची पावडर लावलीय हं, खाण्यात जाऊ देऊ नका." मी मान डोलावली. मावशींना शेंगा केवढ्या येतात, किती दिवसांत येतात, सगळं सांगितलं. पावडरीचं सांगितलं नाही. विसरले, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आले. खरं म्हणजे विषाचं नाव काढलं तर मावशी बी परत करतील आणि माझी फुशारकी वाया जाईल, ही धास्ती होती. उरलेलं बी शिजतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

बी रात्रभर भिजलं. लाल पाणी मावशींनी ओतून दिलं, बियाचाच रंग समजून. दुपारी मी ओढ्यावर हात धूत होते. वर बघितलं तर चुलीवर मडकं, मावशींच्या तोंडात घास आणि समोर पोरांची रांग. माझी सहा वर्षांची सुमन सगळ्यांत पुढे.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मावशींनी मडकं लाथेनं उलथं केलं. सुमनची मूठ मी जबरदस्तीनं उघडली. आत पाच दाणे होते. आधी किती होते? "खाल्लंस का? खरं सांग!" ती नुसती रडत होती... डॉक्टर येईपर्यंत मी तिच्या ओठांकडे, तिच्या बुबुळांकडे बघत बसले. तेवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

पोरांना काही झालं नाही. मावशींना झालं. उलट्या, दरदरून घाम, हातांना कापरं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "औषध लावलेलं बी होतं हे. कुणी सांगितलं नाही?" बांधावर आडव्या पडलेल्या मावशी म्हणाल्या, "बाईंनी सांगितलं व्हतं. म्याच इसारले."

मी गप्प राहिले.

पंधरा दिवसांनी त्या उठल्या. मी पाय धरायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. तुमी ओरडला, लय झालं." पुढच्या माघात घुगऱ्या शिजल्यावर मात्र त्यांनी मूठ भरली आणि सगळ्या बायकांदेखत मला हाक मारली, "बाई, खाऊ का?" बायका हसल्या. त्यांना ती माझ्या भित्रेपणाची थट्टा वाटली. दरवर्षी तो प्रश्न यायचा आणि दरवर्षी मी बी घरचंच ना, असं दोनदा विचारून "खा" म्हणायची.

परवा पेरणी झाली. बी मावशींनीच मडक्यात राखेत ठेवलेलं. यमुनेनं घुगऱ्या शिजवल्या, पहिली मूठ मातीला दिली, दुसरी भरली आणि थांबली.

"बाई, खाऊ का? तुमी हो म्हनल्याबिगर त्वांडात घालायचं न्हाई, असं आत्याबाई सांगून गेल्यात."

बायका हसल्या. मी म्हटलं, "थांब." आणि त्या दुपारी काय झालं होतं, ते सगळं सांगितलं. दुकानदाराचं, पावडरीचं, माझ्या गप्प राहण्याचं. यमुनेची मूठ तशीच हवेत होती. मी त्यातले दाणे घेऊन तोंडात टाकले. चवळी नेहमीसारखीच लागली. पोरं रांगेत उभी होती. त्यांना 'खा' म्हणायला मला फार वेळ लागला.